काकवीचं छत

मी माझ्या आजारी सासूच्या डोक्यावर काकवीचं छत टांगलं होतं. वाचणाऱ्याला वाटेल, ही लिहिणारी म्हातारी काहीतरी अलंकारिक बोलते आहे. तसं काही नाही. खरोखरची काकवी, गुऱ्हाळातली, उसाच्या चिपाडांत कालवलेली, दाबून तिचे तक्ते केलेले आणि ते पत्र्याखाली ओळीनं बांधलेले. हे सगळं करताना मला आपण फार शहाण्या आहोत असं वाटत होतं, हे आधीच सांगून टाकते. आता या वयात लपवालपवी करायचाही कंटाळा येतो.

कडेगावच्या अलीकडे, सडकेला लागून आमचं घर. मी लग्न होऊन आले तेव्हा भिंती मातीच्या होत्या आणि वर उसाच्या पाचटाचं छप्पर होतं. दुष्काळात ते छप्पर जनावरांनी खाल्लं. म्हणजे आम्हीच उपसून घातलं त्यांच्या पुढ्यात. वैरणीची काडी कुठं दिसत नव्हती. एकेक पेंढी खाली येत गेली आणि चुलीपुढे बसून आभाळ दिसायला लागलं. हे फौजेत होते, लांब कुठंतरी डोंगरात. दुष्काळ सरल्यावर सुट्टीवर आले आणि छपराच्या जागी पत्रे घालून गेले. सडकेच्या बाजूनं ते असे चकाकायचे की येष्टीतली माणसं डोळ्यांवर हात धरायची. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, दारात बसून त्या चकाकीचा हिशेब घ्यायच्या. जाणाऱ्या-येणाऱ्यानं मान वर केली नाही तर त्याला हाक मारून थांबवायच्या.

"कुठं निगालास रं?"

"बाजाराला, आजी."

"मान दुखती काय तुजी? खालीच बगून चाललाईस ते."

तो बिचारा वर बघायचा. मग आत्याबाईंचं ठरलेलं वाक्य, "ल्योकानं घातलं. मिलिट्रीत हाय."

पुढच्या वर्षी आत्याबाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जीभ शाबूत राहिली, हे घराचं भाग्य म्हणायचं की माझं दुर्भाग्य, ते त्या वेळी ठरवता आलं नाही. सकाळी पुसून घ्यायचं, कूस बदलायची, भरवायचं, मग धारा, मग शेतावर भाकरी, परत आल्यावर पुन्हा कूस बदलायची. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सगळं अंग ठणकायचं, आणि अंग ठणकतंय हे नीट कळायच्या आत झोप लागायची. त्या दिवसांचा विचार केला तर मला अजून दमायला होतं.

फाल्गुन लागला तसा पत्रा तापायला लागला. दुपारी खोलीत पाऊल टाकलं की वरून तव्याची धग यावी तसं व्हायचं. आत्याबाईंच्या गळ्याखाली घामोळ्यांचा लाल पट्टा उठला. बाज उचलून लिंबाखाली न्यावी तर चार माणसं हवीत, आणि ऊसतोडीच्या दिवसांत चार माणसं कुठली? नेलंच तर तिथं माशा, फुफाटा, आणि सडकेनं जाणारा प्रत्येकजण थांबून विचारणार. ज्या बाईनं गावाला थांबवून पत्रा दाखवला, तिला आता गावानं थांबून बघावं हे तिला सोसत नव्हतं.

"पत्र्यावर पुन्हा पाचट घालू या का?" मी एकदा म्हणाले.

"आन मग ल्योकानं पत्रा घातला कशापाई? झाकाय? गावाला काय सपान पडनार हाय, खाली पत्रा हाय म्हून?"

विषय संपला.

त्यातच फलटणहून वन्सं आल्या. माझी थोरली नणंद. तिच्या सासरी स्लॅबचं घर, विजेचा पंखा. आईची घामोळी बघून तिनं तिथंच जाहीर केलं, "वैशाखात जीप घिऊन येती. तवर हितं गार झालं तर ठीक, न्हाईतर आईला मी नेनार. वैनी, तुमाला बी जरा इसावा."

आत्याबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "लेकीच्या दारात मरू व्हय? लोक म्हनतील, ल्योकाला घर नव्हतं." आमच्याकडे आई लेकीच्या घरी पाहुणी म्हणून चार दिवस जाते. मरायला जात नाही. आणि आपण आता गेलो तर परत येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मला मात्र 'इसावा' एवढा एकच शब्द ऐकू आला होता. मी चुलीपुढे बसले होते. दुपारची दोन घटका झोप माझ्या डोळ्यांपुढे पिकलेल्या सीताफळासारखी उलगडली. वाटलं, नेऊ दे. नेऊ दे बाई, आजच ने, वैशाखापर्यंत कशाला थांबतेस. हे वाटलं आणि लगेच त्याची एवढी लाज वाटली की मी तिथल्या तिथं, तोंडातून शब्द निसटावा तशी बोलून बसले, "न्यायची गरज नाही वन्सं. मी घर गार करते."

"कसं?"

"करते," मी म्हणाले. कसं ते मलाच माहीत नव्हतं.

पण एक गोष्ट डोक्यात होती. चुलत भावाच्या लग्नाला माहेरी सांगलीला गेले होते, तेव्हा तिथं शेतीचं प्रदर्शन भरलं होतं. एका मांडवात उसाच्या चिपाडापासून केलेले तक्ते ठेवले होते. टाय लावलेला एक माणूस त्यावर टिचकी मारून सांगत होता, की यानं खोलीत ऊन येत नाही, आवाज येत नाही, लाकूड तोडायला नको, आणि जे चिपाड आपण जाळतो त्याचं सोनं होतं. मी विचारलं, "हे चिकटवता कशानं?" तो हसून म्हणाला, "ते कारखान्याचं गुपित आहे, ताई." त्याचं ते हसणं मला झोंबलं. मी सांगलीची, मॅट्रिक झालेली. माझ्यापासून गुपित? चिपाड उसाचं, तर चिकटही उसाचंच असणार, हे मी उभ्या उभ्या ओळखलं. शिवाय आमचे आजोबा सांगायचे, की जुन्या बांधकामाच्या चुन्यात गूळ घालत, म्हणून तर ते दगड हलत नाहीत. चुन्यात चिमूटभर गुळानं एवढं होतं, तर भरपूर गुळानं किती होईल! त्या वयात मला प्रत्येक गोष्टीत 'भरपूर' घालायची सवय होती. भाजीत तेल, डोळ्यांत काजळ, बोलण्यात इंग्रजी शब्द.

आमच्या मळ्याशेजारच्या गुऱ्हाळात नेमका तेव्हाच एक रस हुकला. गूळ बसलाच नाही, काहिलीत नुसती दाट काळी काकवी राहिली. गुळव्या कपाळाला हात लावून बसला होता. मी घागरी घेऊन गेले. जो गूळ स्वतः बसायला तयार नव्हता, तो माझे तक्ते बसवणार, असा माझा विश्वास होता. यावर अधिक काही लिहीत नाही.

चिपाडाला मात्र त्यानं कुरकुर केली. काहिलीखालचं जळण ते. "वैनी, जाळायचं त्ये घराला लावताय?" मी म्हटलं, "सोनं होतं त्याचं." तो म्हणाला, "मग हुद्या. माज्या काहिलीत तर राखच हुती."

मग सुरू झालं काम. चिपाडं हौदात भिजवायची, बडवून बडवून त्यांचा भुगा करायचा, त्यात मूठभर चुना आणि घागरभर काकवी. चुना विकत आणावा लागे, काकवी फुकट होती, तेव्हा प्रमाण काय असणार ते सांगायला नको. दाबायला यंत्र नव्हतं. मी घराचं दार बिजागरीतून काढलं, अंगणात आडवं टाकलं, त्यावर हा लगदा थापला, वर दुसरी फळी ठेवली, आणि त्यावर जातं, पाटा, वरवंटा, आणि जमेल तेव्हा शेजारीण. शेजारीण अंगानं चांगली होती. ती त्या फळीवर बसून शेंगा फोडायची आणि घर आठवडाभर दाराशिवाय उघडं पडलेलं असायचं.

"आगं, घरावर पुरनपोळ्या घालतीयास व्हय?" ती म्हणायची. "तूप कवा सोडायचं?"

"तू बस गप. जोर दे."

"जोर द्याया काय लागतंय? बसली की झालं." आणि ती हलायची, आणि फळीखालून काकवीचा ओघळ यायचा, आणि तो ती बोटानं पुसून चाटायची. मला तिथंच समजायला हवं होतं.

खांदे भरून आले. हाताचे तळवे चुन्यानं फुटले. आत्याबाईंची कूस बदलताना त्या फुटलेल्या तळव्यांची आग व्हायची, आणि आत्याबाई म्हणायच्या, "हात हायत का कानस?" पण चैत्राच्या उन्हात ते तक्ते असे खडखडीत वाळले, की वाजवले तर पेटीसारखे वाजायचे. रंग तांबूस, वास गुऱ्हाळाचा. भावकीतल्या एका दिरानं आढ्याखाली कळकाच्या कांबी बांधल्या आणि केकताडाच्या दोरीनं तक्ते लटकवून दिले. पत्रा वर, मग वीतभर पोकळी, मग माझं छत.

आणि खोली गार झाली. हे मात्र खोटं नाही. मी आज त्या बावळट पोरीची कितीही थट्टा केली, तरी तेवढं तिला दिलंच पाहिजे. भर दुपारी आत गेलं तर सावलीत गेल्यासारखं वाटायचं. घामोळ्यांची लाली उतरली. आत्याबाई दुपारच्या घोरायला लागल्या. मी त्यांच्या बाजेशेजारी पदर टाकून आडवी व्हायचे आणि वर बघत राहायचे. आता म्हणे शहरात असले तक्ते दुकानात मिळतात, आणि लोक ते हौसेनं भिंतींना लावतात. मिळोत. त्या दुपारी माझ्यासारखं छत अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडे नव्हतं. मी सांगलीच्या त्या टायवाल्याशी मनातल्या मनात बोलायचे. सांगा आता, कुठं आहे तुमचं गुपित?

चार-दोन मुंगळे तेव्हाही दिसायचे. मी खांबाच्या बुडाशी हळद टाकली आणि विसरले.

वैशाखात एका संध्याकाळी वळीव झाला. रात्रभर हवा ओली, जड राहिली. वाळलेला गूळसुद्धा अशा हवेत पाझरतो, हे उसाच्या गावातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. मला नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण ते डब्यातल्या गुळाचं माहीत होतं. डोक्यावर टांगलेला हा तोच गूळ आहे, हे मी त्याला 'तक्ता' म्हणायला लागल्यापासून विसरूनच गेले होते.

पहाटेला आत्याबाईंची हाक आली. "आगं, वरनं काय तरी गळतंय. गोड लागतंय."

"आले हां, धार काढून येते," मी गोठ्यातून म्हणाले. त्यांच्या आवाजात त्रास नव्हता, उलट चव घेतल्यासारखा होता. म्हणून मी दोन्ही म्हशी पुऱ्या करून, दूध झाकून, हात धुऊन मग आत गेले.

खांबावरून एक काळी रेघ खाली आली होती. मला आधी वाटलं, काकवीचाच ओघळ. मग ती रेघ हलली. ती बाजेच्या पायावरून वर गेली होती, आणि पुढे आत्याबाईंच्या डाव्या हातावर, खांद्यावर, मानेपर्यंत. वरून थेंब त्याच बाजूला पडत होते. त्यांच्या डाव्या अंगाला काही कळत नव्हतं, म्हणून त्या शांत पडून उजव्या हातानं ओठावरचा थेंब पुसत होत्या. "बग की," त्या म्हणाल्या, "तुजं छत घामेजलंय."

मी ओरडले. मग त्यांनी मान वळवून स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा बराच वेळ पाहिला.

पुढचं मी कसं केलं आठवत नाही. चादर ओढली, त्यांना एकटीनं उचललं, कशी उचलली देव जाणे, बाहेर ओट्यावर ठेवलं, पाणी ओतलं, कांदा ठेचून लावला. हात सुजून लाल झाला होता, कोपरापासून खांद्यापर्यंत. मी खोलीत गेले आणि कोयत्यानं दोऱ्या तोडत सुटले. तक्ते धप्पधप्प खाली पडले, मऊ, ओले, मुंगळ्यांनी भरलेले. उकिरड्याकडे फरफटत नेले. म्हशी दाव्याला ताण देऊन माना लांब करत होत्या. माझी ओरड ऐकून आलेल्या दिरानं त्यातला एक तक्ता आपटून, झाडून त्यांच्यापुढे टाकला आणि त्या डोळे मिटून खायला लागल्या.

"वैनी," तो म्हणाला, "म्हशीला तुमचा बंगला आवडला बगा."

मी कोयता खाली टाकला. उकिरड्याच्या कडेला तशीच बसले. एवढं दमायला मला पुढं बाळंतपणातही झालं नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी दारात जीप उभी. वन्सं आत आल्या, आईचा हात पाहिला, वर पाहिलं, तुटक्या दोऱ्या लोंबत होत्या. मी सगळं सांगितलं. सांगताना आवाज सरळ ठेवायचा प्रयत्न केला, पण 'काकवी' म्हणताना तो फाटला.

"काकवी?" वन्सं म्हणाल्या. "डोस्क्यावर? वैनी, तुमी शिकलेल्या ना वं?"

मी लोंबत्या दोऱ्या ओढून काढायला लागले.

"आई, चल. लुगडी भरती मी."

आत्याबाई पत्र्याकडे बघत पडल्या होत्या. ऊन चढायला लागलं होतं, पत्रा तडतड वाजायला लागला होता. त्यांनी "जात न्हाई" म्हटलं नाही. त्यांचा आवाज बंद होता, हेच मला सोसेना. आता मला पुन्हा ती दुपारची झोप दिसायला हवी होती. ती दिसली नाही. बाज रिकामी दिसली, आणि ती बघून मी काय करणार, तेच समजेना.

"आत्याबाई," मी म्हणाले, "पत्र्यावर पाचट घालते. बाहेरून. आजच्या आज घालते. मग गार होईल. पण पत्रा झाकावा लागेल. तुम्ही हो म्हटलंत तरच."

"आता पुन्ना परयोग?" वन्सं म्हणाल्या.

"प्रयोग नाही. होतं तेच परत घालायचं."

आत्याबाईंनी विचारलं, "समदा झाकनार?"

"समदा."

"सडकंकडचा एक ऱ्हाऊ दे उगडा. आडीच हात. त्येवढ्यानं काय मरत न्हाई मी."

वन्संनी कपाळावर हात मारला. मग लुगड्यांची वळकटी खाली ठेवली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "बगता काय वैनी? शिडी आना."

पाचट आमच्याच फडात पडलेलं होतं, जाळायचं राहिलेलं. मी आणि दीर वर, शेजारीण आणि वन्सं खाली पेंढ्या बांधून देणाऱ्या. पत्र्यावर अनवाणी पाय ठेवले तर भाजत होते, म्हणून मी तळव्यांना ओली गोणपाटं गुंडाळली होती. पेंढी टाकायची, कळकाची कांब आडवी दाबायची, खालून ताणून बांधायची, वर शेणमातीचा पातळ सडा. त्यात काकवी नव्हती, चुना नव्हता, मॅट्रिकही नव्हती. जीपचा ड्रायव्हर सावलीत बसून कंटाळला, मग तोही पेंढ्या फेकायला लागला. सडकेनं येष्टी गेली तेव्हा खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "पत्र्याला थंडी वाजाय लागली व्हय?" वन्संनी खालून असं उत्तर दिलं की ते इथं लिहिता येणार नाही.

दिवस मावळताना काम झालं. सडकेकडचा एक पत्रा तेवढा उघडा ठेवला. वन्सं आत गेल्या, तळहात वर धरून उभ्या राहिल्या, जशी तापलेल्याच्या कपाळाची आच बघतात तशी. आईच्या उशाशी फलटणहून आणलेला खाऊ ठेवला, हातावर पुन्हा कांदा लावला आणि जीप रिकामी घेऊन गेल्या.

मी आत आले. बाजेच्या कडेला जमिनीवर बसले, डोकं बाजेला टेकलं. केसांत पाचटाचा कचरा, पायाला फोड. मग विचारलं, "गार वाटतंय का, आत्याबाई?"

आत्याबाईंचा चांगला हात माझ्या डोक्यावर आला. केसांतली एक काडी त्यांनी काढली, ती बघितली, खाली टाकली. मग दुसरी काढली. आणि म्हणाल्या, "झालं गार. पर एक आईक. 'इसावा' म्हनल्यावर तुजा सूर वळाकला मी. मी जावं आसं पुन्यांदा वाटलं, तर सरळ तोंडानं सांगत जा. मी बी कटाळलीया, तू बी कटाळलीयास, त्यात लाजायचं काय? मुंगळ्यांच्या हाती सांगावा धाडू नगंस."